लहान मुलांना पियानो शिकवताना: पुस्तक उघडण्यापूर्वीचे काही महिने

पाच ते सात वर्षांच्या मुलाला पियानो शिकवायला घेतल्यावर पहिले तीन-चार महिने कान, हात आणि लय यांवर खर्च करावेत आणि पाच ओळींचे स्टाफ नोटेशन, म्हणजे संगीत लिहिण्याची पाश्चात्य पद्धत, त्यानंतरच समोर ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीच्या जुन्या इमारतींपासून घोडबंदर रोडवरच्या संकुलांपर्यंत अनेक घरांत आता कीबोर्ड दिसतो. तो घरी आला की पहिल्या आठवड्यात पुस्तक आणि पहिल्या वर्षातच परीक्षा अशी घाई सुरू होते, आणि त्या घाईत मुलाकडे आधीपासून असलेली पुंजी बाजूला पडते. आपल्याकडच्या मुलाने आरतीला टाळ्या वाजवलेल्या असतात, आजीकडून बडबडगीते ऐकलेली असतात, कित्येकदा आजोबांची पेटीही त्याच्या कानावर पडलेली असते. ही पुंजी पियानोच्या शिक्षणात कशी वापरावी, हे नव्या शिक्षकांसाठी आणि घरी सरावाला बसणाऱ्या पालकांसाठी येथे लिहीत आहे.

सुरुवात कोणत्या वर्षी करावी हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतात. वयापेक्षा तयारी पाहावी. मूल एका जागी दहा मिनिटे बसते का, डावा आणि उजवा हात न चुकता ओळखते का, पाच बोटांपैकी सांगितलेले बोट वेगळे हलवू शकते का आणि आपण म्हटलेली लहानशी ओळ साधारण त्याच सुरात परत म्हणते का, एवढे पाहिले तरी पुरते. यातले एखादे जमत नसेल तर नाचणे, टाळ्या आणि गाणी यांत सहा महिने आनंदाने घालवावेत, त्यात काहीही वाया जात नाही.

वाद्य आणि बैठक

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, त्यांपैकी ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. लहान मुलाला पहिल्या वर्षी त्यातल्या निम्म्याही लागत नाहीत, म्हणून ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सुरुवात करायला हरकत नाही. मात्र तो बोटाच्या वेगानुसार आवाज लहान-मोठा करणारा, म्हणजे टच सेन्सिटिव्ह असलाच पाहिजे. सन १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य घडवले, ते हळू आणि जोरात असे दोन्ही वाजवता यावे यासाठीच. पियानो या नावाचे मूळही त्यातच आहे. ज्या कीबोर्डवर कसेही वाजवले तरी आवाज एकसारखाच येतो, त्यावर मुलाच्या बोटांना पियानोचा मुख्य धडाच मिळत नाही. मूल वर्षभर टिकले की वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा, कारण हलक्या पट्ट्यांवर तयार झालेली बोटे पुढे खऱ्या पियानोवर दमतात.

खरा, तारांचा पियानो घरात असेल तर उत्तमच, पण ठाणे खाडीकाठचे शहर आहे आणि पावसाळ्यातली हवा लाकडाला व फेल्टला सोसत नाही. पट्ट्या फुगून अडकतात, तारा गंजतात आणि सूर हलतो. असा पियानो ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला लागून ठेवू नये, एसीचा झोतही त्यावर थेट येऊ देऊ नये, आणि पावसाळा सरल्यावर हवा कोरडी झाली की ट्यूनरला बोलवावे.

बैठकीकडे मात्र घराघरांत फार दुर्लक्ष होते. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. त्यावर कीबोर्ड ठेवला की पट्ट्या आणखी वर जातात आणि मूल खांदे उचलून वाजवू लागते. मुलाचे कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर यावे, एवढी खुर्ची उंच हवी. त्यासाठी खुर्चीवर घट्ट घडी घातलेली सतरंजी किंवा जाड पुस्तके चालतात, मऊ उशी चालत नाही, कारण ती दबते आणि मूल डुलते. खुर्ची उंच झाली की पाय लोंबकळतात. पाय लोंबकळले की पाठ आणि पोट आधारासाठी ताणले जातात आणि तो ताण थेट मनगटापर्यंत येतो. पायांखाली घरातला चौरंग किंवा दोन पाट ठेवावेत. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसवावे आणि कोपरे पोटाला चिकटणार नाहीत इतके अंतर ठेवावे. कीबोर्ड हलणाऱ्या स्टँडवर असेल तर आधी तो स्थिर करावा, कारण वाद्य हलले की मूल नकळत हात आखडून घेते.

पहिला तास काळ्या पट्ट्यांचा

पहिल्या दिवशी स्वरांची नावे सांगू नयेत. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत येतात, एवढेच मुलाला स्वतः शोधू द्यावे. "दोन-दोनच्या जोड्या कुठे कुठे आहेत, सगळ्यात जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत वाजवत जा," असे सांगितले की मूल उठून डावीकडे जाते, दोन बोटांनी जोडी वाजवत उजवीकडे सरकते आणि वाटेत त्याच्या लक्षात येते की डावीकडचा आवाज खालचा व उजवीकडचा वरचा आहे. मंद्र, मध्य आणि तार सप्तक ही कल्पना त्याला शब्दांआधी हाताने कळते. पुढच्या तासाला दोनांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी दाखवावी, ती सी. तीनांच्या गटाच्या लगेच डावीकडची एफ. या दोन खुणा पक्क्या झाल्या की उरलेल्या पांढऱ्या पट्ट्या मूल आपोआप मोजून काढते.

पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवू नयेत, मग ती अक्षरे इंग्रजी असोत की सा-रे-ग-म. स्टिकर लावले की मुलाचे डोळे काळ्या पट्ट्यांच्या रचनेकडे पाहायचेच सोडून देतात, आणि ते काढल्यावर शिकलेले सगळे हरवल्यासारखे होते. एखाद्या मुलाला अगदीच आधार हवा असेल तर मधल्या सी (कीबोर्डच्या मध्याजवळचा सी) पुढे पेनने केलेला एक ठिपका पुरे.

बोटांचे क्रमांक याच आठवड्यात सांगावेत. दोन्ही हातांचा अंगठा १ आणि करंगळी ५. पेटी वाजवणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना सुरुवातीला करंगळी वापरायची सवय नसते, म्हणून "तीन नंबर दाखव, पाच नंबर टेकव" असा खेळ टेबलावर रोज मिनिटभर घ्यावा.

पेटीचा हात आणि पियानोचा हात

या वयात सर्वांत जास्त वेळ जिथे द्यायला हवा ती जागा ही आहे. पेटीत बोटाने पट्टी दाबली की हवेला वाट मिळते आणि बोट खाली आहे तोवर स्वर टिकतो. आवाजाचा लहान-मोठेपणा भात्यावर अवलंबून असतो. पियानोत पट्टी दाबताच हातोडी उडते, तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. आवाज किती मोठा येणार हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरते, आणि स्वर निघाल्यानंतर पट्टी कितीही जोरात दाबून धरली तरी त्यात काही भर पडत नाही. पट्टी साधारण एक सेंटिमीटरच खाली जाते, म्हणजे सगळा निर्णय त्या एका सेंटिमीटरच्या प्रवासात होतो. हे मुलाला समजावून सांगण्यापेक्षा दाखवावे. शक्य असेल तर खऱ्या पियानोचे झाकण उघडून हातोड्या दाखवाव्यात, नाहीतर त्याच्या तळहातावर आपल्या बोटाने आधी घट्ट दाबून आणि मग हलके टपकन टेकवून फरक जाणवू द्यावा.

यावरून पहिला व्यायाम निघतो. मुलाचा हात आपल्या हातात अलगद धरावा आणि "पूर्ण वजन माझ्या हातात सोडून दे" असे सांगावे. बहुतेक मुले म्हणतात की सोडले, पण आपण हात काढून घेतला तर त्यांचा हात हवेत तसाच राहतो. तो खरोखर मांडीवर पडेपर्यंत हा खेळ पुन्हा पुन्हा करावा. मग तिसऱ्या बोटाने एका काळ्या पट्टीवर तसाच सैल हात पडू द्यावा, स्वर वाजला की बोट पट्टीवर राहू द्यावे आणि मनगट सैल आहे की नाही ते खालून एका बोटाने हलवून पाहावे. मनगट पाण्यावरच्या होडीसारखे हलले तर बरोबर. नाही हलले तर स्वर वाजल्यानंतरही मूल दाबतच आहे, असे समजावे.

तिसऱ्या बोटावर जमल्यावर दुसरे, मग चौथे. येथे शिक्षकाने जवळ बसून पाहायला हवे. मूल चौथ्या बोटाने पट्टी दाबते तेव्हा नखाजवळचा सांधा आत वाकतो, बोट सपाट होते आणि करंगळी ताठ होऊन वर उठते. चौथ्या बोटाचा स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेला असल्याने ते मोठ्यांनाही पूर्ण स्वतंत्रपणे उचलता येत नाही, तेव्हा मुलाला "बोट उचल" असे सांगून रागावण्यात अर्थ नाही. संपूर्ण हात किंचित करंगळीच्या बाजूला न्यावा, म्हणजे चौथ्या बोटामागे हाताचे वजन येते आणि सांधा कोसळत नाही. अंगठा त्याच्या नखाच्या कडेवर वाजावा, आडवा पडू नये. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक स्वर सुटा वाजवू द्यावा. स्वर एकमेकांना जोडून वाजवण्याचा आग्रह लवकर धरला की मुले बोटे पट्ट्यांना चिकटवून हात घट्ट करतात.

मोठ्या उड्या आणि रुंद पसरलेले हात या वयात नकोत. एका पांढऱ्या पट्टीची रुंदी सुमारे अडीच सेंटिमीटर असते, म्हणजे पाच पट्ट्यांवर पाच बोटे ठेवतानाच लहान हात पुरेसा उघडतो. सप्तक एका हातात पकडण्याची अपेक्षा आणखी काही वर्षे लांबणीवर टाकावी.

लय तोंडातून हातात

मात्रा मोजायला "एक-दोन-तीन-चार" शिकवण्याआधी शब्द वापरावेत. हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय यांच्या पद्धतीत "ता" आणि "ती-ती" अशा अक्षरांनी लय म्हणवून घेतली जाते. ती अक्षरे चांगलीच आहेत, पण आपल्या मुलांच्या तोंडी असलेले शब्द अधिक लवकर रुजतात. एका मात्रेला "दूध", एका मात्रेत दोन स्वर असतील तर "पोहे", चार असतील तर "साबुदाणा". "दूध, दूध, पोहे, दूध" असे मुलाने आधी म्हणावे, मग टाळीवर, मग मांडीवर आणि शेवटी एका पट्टीवर वाजवावे. विश्रांतीच्या जागी हात उघडून गप्प राहायचे, पण पाय चालतच राहायचा. लय सांभाळणारा अवयव पाय आहे हे मुलाच्या अंगात एकदा मुरले की पुढे मेट्रोनोमची, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणाऱ्या यंत्राची, भीती राहत नाही.

तबल्याचा ठेका येणाऱ्या किंवा ऐकलेल्या मुलासाठी तर वाट आणखी सोपी आहे. सहा मात्रांचा दादरा, "धा धी ना, धा ती ना", हातावर म्हणत म्हणत उजव्या हाताने प्रत्येक "धा"ला एक स्वर वाजवायला लावले, तर तीन-तीनच्या गटांत झुलणारी चाल मुलाला कसलीही व्याख्या न सांगता कळते. कीबोर्डमधल्या तयार ऱ्हिदमच्या बटणाला मात्र सरावात हात लावू देऊ नये. ते बटण मुलाच्या वतीने लय धरते आणि मूल फक्त तिच्या मागे धावते.

सा कुठेही बसतो

मराठी घरांतल्या मुलांना पियानो शिकवताना एक गोंधळ हमखास होतो. गाण्याच्या क्लासमध्ये ताई "काळी चार"मध्ये सा लावतात, आजोबा "पांढरी एक"मध्ये लावतात आणि पियानोचे शिक्षक म्हणतात की ही पट्टी सी आहे. मुलाला वाटते की यातले कोणीतरी चुकत आहे. पहिल्यापासूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. सी, डी, ई ही पट्ट्यांची कायमची नावे. सा, रे, ग ही गाण्यातल्या नात्यांची नावे, आणि ते नाते कोणत्याही पट्टीपासून सुरू होऊ शकते. पेटीवरची पांढरी एक म्हणजे सी आणि काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, ही जी शार्प (जी च्या लगेच उजवीकडची काळी), एवढी ओळख शिक्षकाने स्वतःकडे ठेवली की घरच्या मंडळींशी बोलणे सोपे होते.

हे कळवण्यासाठी सर्वांत चांगला धडा म्हणजे पाच स्वरांचा. सी पासून सा रे ग म प वाजवले तर सगळ्या पट्ट्या पांढऱ्या येतात. जी पासून तेच पाच स्वर वाजवले तरी सगळ्या पांढऱ्याच. मग डी वर सा मानून वाजवायला सांगावे. मूल पांढऱ्या-पांढऱ्या पट्ट्या वाजवत जाते, तिसऱ्या स्वराशी थांबते आणि चेहरा वाकडा करते, कारण ग कोमल लागलेला असतो. उत्तर सांगू नये. त्याला कानाने शोधू द्यावे. ते उजवीकडची काळी पट्टी, म्हणजे एफ शार्प, लावून पाहते आणि ओळ जुळते. एफ पासून वाजवताना हाच अनुभव म वर येतो आणि तेथे बी फ्लॅट (बी च्या लगेच डावीकडची काळी) लागतो. ज्या मुलाने हे दोन काळे स्वर स्वतः शोधले, त्याला पुढे 'की सिग्नेचर' (कोणते स्वर शार्प किंवा फ्लॅट घ्यायचे ते ओळीच्या सुरुवातीला सांगणारी खूण) म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्यामुळे घरात म्हटले जाणारे पाच स्वरांतले कोणतेही बडबडगीत आधी सी, मग जी, मग डी आणि एफ पासून वाजवून घ्यावे. दर आठवड्याला नवे गाणे देण्यापेक्षा एकच गाणे चार ठिकाणांहून वाजवणारे मूल जास्त शिकते.

डाव्या हाताची सोयही यातच आहे. डाव्या हाताच्या करंगळीने सा आणि अंगठ्याने प एकदम वाजवून धरायचे, तानपुऱ्यासारखा आधार द्यायचा आणि उजव्या हाताने गाणे वाजवायचे. सुरुवातीला चार मात्रांतून एकदा, मग दोन मात्रांतून एकदा. दोन हात एकत्र आणण्याचा हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. आठवड्यातून एक दिवस हातांची अदलाबदल करून गाणे डाव्या हाताकडे द्यावे, नाहीतर वर्षअखेरीला डावा हात पाहुण्यासारखा बसून राहतो.

वाचनाची सुरुवात

मूल आठ-दहा लहान गाणी कानाने आणि हाताने वाजवू लागले की स्टाफ नोटेशन आणावे. तोंडी, ऐकून शिकणे ही आपल्या संगीताची मूळ रीत आहे आणि ती कमी दर्जाची मुळीच नाही, पण पियानोवर दोन हातांचे संगीत पुढे इतके वाढते की वाचनाशिवाय मूल कायम शिक्षकावर अवलंबून राहते, म्हणून वाचन टाळूही नये. सगळ्या ओळींवरच्या स्वरांची नावे पाठ करून घेण्याऐवजी तीन खुणा द्याव्यात. ट्रेबल क्लेफची (वरच्या, बहुधा उजव्या हाताच्या पाच ओळींच्या सुरुवातीचे चिन्ह) गाठ खालून दुसऱ्या ओळीभोवती फिरते, ती ओळ जी. बेस क्लेफचे (खालच्या, बहुधा डाव्या हाताच्या ओळींचे चिन्ह) दोन ठिपके वरून दुसऱ्या ओळीच्या दोन्ही बाजूंना असतात, ती ओळ एफ. दोन्हींच्या मधल्या छोट्या ओळीवर मधला सी. या खुणांपासून ओळीवरून लगतच्या घरात गेलो तर शेजारची पट्टी, ओळीवरून पुढच्या ओळीवर गेलो तर एक पट्टी वगळून, असे अंतर वाचायला शिकवावे. आधी वाजवता येणारेच गाणे लिहिलेल्या रूपात दाखवले तर मुलाला चिन्हे ओळखीची वाटतात. स्वरांखाली सा-रे-ग किंवा सी-डी-ई लिहून देऊ नये, कारण मूल मग अक्षरेच वाचते.

घरचा सराव

सहा वर्षांच्या मुलाला रोज दहा मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत. शाळेतून आल्यावर खाणे झाले की लगेच, अशी एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडलेली वेळ टिकते. जपानचे शिनिची सुझुकी यांनी व्हायोलिनसाठी घडवलेल्या पद्धतीत पालक तासाला सोबत बसतात, आणि पियानोसाठीही तो नियम मला मोलाचा वाटतो. आईने किंवा बाबांनी तासाला बसून काय सांगितले ते लिहून घ्यावे, घरी मात्र चुका मोजत बसू नये. चूक झाली तर गाणे पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावू नये. चुकलेल्या जागेच्या आधीचा एक स्वर आणि नंतरचा एक स्वर घेऊन तेवढाच तुकडा तीन वेळा हळू वाजवून घ्यावा. पहिल्यापासून वाजवण्याच्या सवयीने गाण्याची सुरुवात घोटीव होते आणि शेवट कायम कच्चा राहतो. मूल हेडफोन लावून वाजवत असेल तर त्याच्या हाताच्या आघाताचा अंदाज कोणालाच येत नाही, म्हणून रात्र सोडल्यास आवाज खोलीत ऐकू येऊ द्यावा.

चाचणी परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि मे महिन्यातले गावी जाणे यांमुळे खंड पडणारच. त्या दिवसांसाठी गाणी म्हणणे आणि टेबलावर बोटे वाजवणे एवढेच काम द्यावे आणि परतल्यावर पहिल्या तासाला जुनेच वाजवून घ्यावे.

परीक्षांबद्दल विचारणा लवकर सुरू होते. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या दोन्ही ब्रिटिश मंडळांच्या श्रेणी इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत आहेत आणि आपल्याकडे पुष्कळ मुले त्या देतात. एबीआरएसएमच्या परीक्षकांसमोरच्या परीक्षेत तीन रचनांखेरीज स्केल्स (स्वरांचे आरोह-अवरोह), पूर्वी न पाहिलेले वाचून वाजवणे आणि कानाची चाचणी असते. वर्षभर तीनच रचना घोटून घेतलेले मूल उरलेल्या भागांत अडखळते, म्हणून मूल चार ठिकाणांहून गाणे वाजवू लागेपर्यंत आणि सोप्या दोन ओळी स्वतः वाचू लागेपर्यंत अर्ज भरू नये.

त्याआधी वाजवण्याची चांगली संधी आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मिळते. तेथे वाद्य बहुधा दुसऱ्याचे असते, म्हणून आदल्या संध्याकाळी मुलाला त्याच कीबोर्डवर एकदा बसवून आणावे. प्लॅस्टिकच्या खुर्चीऐवजी घरची बैठक आणि पायांखालचा पाट सोबत न्यावा. गाणे असे निवडावे, जे मूल घरी पाहुण्यांसमोर न थांबता वाजवते. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी ट्रान्सपोजचे, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवणारे, बटण शून्यावर आहे ना आणि ऱ्हिदम बंद आहे ना हे मोठ्यांनी स्वतः तपासावे, कारण आधीच्या गायकासाठी ते बटण बदलून ठेवलेले असले तर मुलाची बोटे बरोबर पडूनही कानाला वेगळेच सूर येतात आणि कान तयार झालेले मूल तिथल्या तिथे थांबते.